अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज: तारखांचं गणित आणि ‘लवकर’ अर्ज करावा की नाही

बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, "फॉर्म कधी सुटतात?" आपल्याकडे कॅप राउंड असतात, मेरिट लिस्ट लागते, सगळ्यांना एकच वेळापत्रक असतं. तिथे प्रत्येक कॉलेज आपली तारीख आपणच ठरवतं. एकाच कॉलेजच्या दोन-तीन तारखा असतात आणि त्यातली कुठली निवडली यावर तुमच्या हातात पुढे किती पर्याय उरतात ते ठरतं.

माझ्या मुलीच्या वेळी हे सगळं आमच्या घरात होऊन गेलं. तेव्हापासून ओळखीतल्या पालकांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशाबद्दल आहे. एमएस किंवा एमबीएच्या अर्जांची रीत वेगळी आहे, ती इथे शोधू नका. आणि खाली ज्या तारखा दिल्यात त्या साधारण दरवर्षी तशाच राहतात, तरी अर्ज करण्याआधी त्या-त्या कॉलेजच्या प्रवेश विभागाच्या पानावर स्वतः जाऊन बघा. कोचिंगवाल्यांनी पाठवलेल्या तक्त्यावर विसंबू नका, तो बऱ्याचदा मागच्या वर्षीचा असतो.

१. आधी फेऱ्या ओळखा

अर्ली डिसिजन: अर्ज साधारण १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत, निकाल डिसेंबरच्या मध्याला. ही बंधनकारक फेरी आहे. एकाच कॉलेजला असा अर्ज करता येतो. प्रवेश मिळाला की तिथेच जायचं आणि बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न ही या पद्धतीची कॉलेजं.

अर्ली डिसिजन टू: बंधन तेच, तारीख मात्र जानेवारीच्या सुरुवातीची आणि निकाल फेब्रुवारीत. व्हँडरबिल्ट, एमरी, टफ्ट्स, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी अशा ठिकाणी ही दुसरी फेरी असते. पहिल्या फेरीत दुसरीकडे नकार आला असेल तर हा रस्ता उरतो.

अर्ली ॲक्शन: अर्ज लवकर, निकालही लवकर, पण बंधन नाही. उत्तर द्यायला १ मेपर्यंत वेळ. एमआयटी, पर्ड्यू, इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन, जॉर्जिया टेक इथे हे चालतं. नॉर्थ कॅरोलिना चॅपल हिलची तारीख तर १५ ऑक्टोबरलाच येते, तेव्हा सगळं नोव्हेंबरमध्येच असतं असं धरू नका.

रिस्ट्रिक्टिव्ह किंवा सिंगल चॉइस अर्ली ॲक्शन: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड. प्रवेश मिळाला तरी जाण्याचं बंधन नाही, पण त्याच काळात दुसऱ्या खासगी कॉलेजला लवकरच्या फेरीत अर्ज करता येत नाही. सरकारी विद्यापीठं आणि अमेरिकेबाहेरची विद्यापीठं यांना सहसा सूट असते. म्हणजे येलबरोबर पर्ड्यू चालतं, येलबरोबर एमआयटीची अर्ली ॲक्शन चालत नाही. सवलतींचे बारकावे चारही ठिकाणी सारखे नाहीत, म्हणून त्या-त्या कॉलेजचा नियम शब्दशः वाचा.

रेग्युलर डिसिजन: बहुतेकांची तारीख १ ते ५ जानेवारीच्या आसपास, निकाल मार्चअखेरपर्यंत, उत्तर १ मेपर्यंत.

रोलिंग: अर्ज येतील तसे बघतात आणि निकालही तसेच लावतात. पिट्सबर्ग हे यातलं नेहमीचं नाव. इथे शेवटच्या तारखेला अर्थ कमी, कारण वसतिगृह आणि शिष्यवृत्त्या आधी आलेल्यांना जातात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचं घर वेगळं. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे नऊ कॅम्पसना मिळून एकच अर्ज. तो ऑगस्टपासून भरता येतो, १ ऑक्टोबरपासून सबमिट होतो आणि ३० नोव्हेंबरला मुदत संपते. ती तारीख शनिवार-रविवारी आली तर एखाददोन दिवस पुढे ढकलतात. तिथे लवकरची फेरीच नाही, एसएटी या अमेरिकी प्रवेश परीक्षेचे गुण बघत नाहीत आणि शिक्षकांची शिफारसपत्रंही सहसा मागत नाहीत. ज्यांच्या ज्युनियर कॉलेजात कागद मिळवणं म्हणजे अग्निदिव्य, त्यांनी हा अर्ज यादीत नक्की ठेवावा.

२. बंधनकारक फेरी हा मुळात पैशाचा निर्णय आहे

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात महागात पडणारी गफलत इथेच होते. मुलं अर्ली डिसिजनकडे "चान्स वाढतो" म्हणून बघतात. पालकही तेच ऐकतात आणि सही करतात. सही करायची असते तिघांनी: विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर. ती केली म्हणजे किंमत किती ते नक्की कळायच्या आधीच तुम्ही खरेदीला हो म्हटलेलं असतं.

मोठ्या खासगी कॉलेजांचा एका वर्षाचा सगळा खर्च, म्हणजे फी, राहणं, जेवण, विमा, पुस्तकं धरून, आता कितीतरी ठिकाणी ९०,००० डॉलरच्या वर गेलाय. त्याला चारने गुणा. वर फी दरवर्षी थोडी वाढते आणि चार वर्षं डॉलरचा भाव आजचाच राहील असंही नाही.

मग आर्थिक मदत मागायची का? इथे दोन प्रकारची कॉलेजं आहेत. काही मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज तपासताना त्याला मदत हवी आहे का हे बघतच नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही त्यातली. बाकी बहुतेक सगळी बघतात. स्टॅनफर्डसुद्धा परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बघतं. तिथे मदत मागितली की स्पर्धा कडक होते. म्हणून काही जण मदत मागतच नाहीत, आधी प्रवेश घेऊ, मग बघू म्हणतात. हा डाव खेळू नका. प्रवेशाच्या वेळी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पुढच्या वर्षांत मदत मागता येणार नाही, असा अनेक कॉलेजांचा स्पष्ट नियम आहे.

करारात एक सुटकेची वाट असते. मदतीसाठी अर्ज केला होता आणि मिळालेली मदत पुरेशी नाही, तर प्रवेश नाकारता येतो. पण मदत मागितलीच नसेल तर "आता झेपत नाही" हे कारण पुढे करणं अवघड. शिवाय या वाटेने बाहेर पडलात तरी हातात तुलनेला काहीच नसतं. रेग्युलर फेरीत तीन कॉलेजांची तीन मदतपत्रं समोर ठेवून ठरवता येतं, इथे एकच पत्र आणि थोडेच दिवस.

कॉलेजांच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता खर्च किती पडेल याचा अंदाज देणारा तक्ता, असतो. तो अमेरिकी कुटुंबांसाठी बनवलेला असतो. परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा आहे असं लिहिलं नसेल तर त्यातल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. थेट आर्थिक मदत विभागाला ईमेल करा. उत्तरं येतात, आणि आपण समजतो त्यापेक्षा स्पष्ट येतात.

माझं मत असं: घरच्या पैशातून, आधीच मंजूर होण्यासारख्या कर्जासकट, चारही वर्षांचा खर्च निघतो आणि मुलाला तेच कॉलेज मनापासून हवंय, तर अर्ली डिसिजन करा. किंवा ते कॉलेज परदेशी विद्यार्थ्यांचीही पूर्ण गरज भागवतं आणि तुमच्या अंदाजाने तो आकडा झेपणारा आहे, तर करा. शिष्यवृत्ती किती मिळते त्यावर सगळं अवलंबून असेल तर करू नका, अर्ली ॲक्शन आणि रेग्युलरवर जोर द्या. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येल, ब्राउन अशा जुन्या खासगी विद्यापीठांच्या गटात, गुणवत्तेची शिष्यवृत्ती नसतेच, तिथली मदत फक्त गरजेवर ठरते. "नव्व्याण्णव टक्के आहेत, काहीतरी देतीलच" या आशेने तिथे सही करू नये.

हे बोलणं जुलैमध्ये घरात आकडे घेऊन व्हायला हवं. मुलाला समोर बसवा. आपल्याकडे पगार आणि कर्ज यांबद्दल मुलांशी बोलत नाहीत, पण करारावर तोही सही करणार आहे.

३. लवकर केल्याने संधी खरंच वाढते का?

काही ठिकाणी वाढते, सगळीकडे नाही. लवकरच्या फेरीतले प्रवेशाचे टक्के जास्त दिसतात हे खरं. पण त्या गर्दीत कॉलेजने आधीच हेरलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. ती वजा केली की उरलेला फायदा दिसतो तेवढा नसतो. एमआयटी तर लवकर अर्ज केल्याने फायदा होत नाही असं स्वतःच सांगतं. दुसरीकडे अनेक खासगी कॉलेजं आपल्या निम्म्याच्या आसपास जागा अर्ली डिसिजनमध्येच भरतात, कारण तिथे निवडलेला विद्यार्थी नक्की येणार असतो. अशा कॉलेजात रेग्युलर फेरीत उरलेल्या जागांसाठी झुंबड उडते, तिथे बंधनकारक अर्जाला वजन आहे.

ही पद्धत पैसेवाल्यांच्या बाजूने झुकलेली आहे, ही टीका तिथेही जुनी आहे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ मध्ये लवकरची फेरी बंद करण्याचं जाहीर केलं होतं. बाकीची बहुतेक कॉलेजं मागे आली नाहीत आणि २०११ मध्ये दोघांनी ती पुन्हा सुरू केली.

लवकर अर्जाचा एक फायदा मात्र निर्विवाद: डिसेंबरात एखादा होकार हातात आला की जानेवारीतली जेईई आणि फेब्रुवारीतली बारावीची परीक्षा मूल शांत डोक्याने देतं. त्यासाठी निदान एक-दोन अर्ली ॲक्शन किंवा रोलिंग अर्ज कराच. काही ठिकाणी तर ‘लवकर’ हीच खरी तारीख असते. पर्ड्यूत कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयांसाठी १ नोव्हेंबरचाच अर्ज धरून चालावं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीसाठी विचार व्हायचा तर अर्ज लवकरच्या तारखेला गेलेला लागतो. प्रायॉरिटी डेडलाइन असे शब्द दिसले की ती शेवटची तारीख समजा.

कुणी घाई करू नये? ज्याचे अकरावीचे गुण पडलेत आणि बारावीच्या पहिल्या सत्रात सावरणार आहेत. ज्याची एसएटी अजून मनासारखी झालेली नाही. ज्याचा निबंध ऑक्टोबरच्या मध्यालाही कच्चा आहे. कच्चा अर्ज नोव्हेंबरात पाठवण्यापेक्षा पक्का अर्ज जानेवारीत पाठवावा.

४. १ नोव्हेंबरपासून उलटं मोजा

अकरावीचा शेवट, मार्च-एप्रिल: शिफारसपत्रासाठी दोन शिक्षकांशी बोलून ठेवा. पासपोर्ट नसेल तर काढा.

मे ते जुलै: कॉलेजांची यादी, पैशाचं बोलणं, मुख्य निबंधाचे पहिले खर्डे. बारावीचे क्लास सुरू झाले की निबंधाला वेळ उरत नाही, हे लिहून ठेवा.

१ ऑगस्ट: कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांचा मिळून असलेला ऑनलाइन अर्ज, नव्या वर्षासाठी उघडतं. एका खात्यातून २० कॉलेजांना अर्ज करता येतो. त्याच दिवशी प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे जास्तीचे प्रश्न दिसू लागतात. ते एका फाइलीत उतरवून घ्या. अर्जाचं खरं ओझं मुख्य निबंधाचं नसतं, या छोट्या निबंधांचं असतं. एमआयटीचा अर्ज कॉमन ॲपवर नाही, त्यांच्या स्वतःच्या साइटवर आहे.

ऑगस्ट-सप्टेंबर: एसएटी. १ नोव्हेंबरच्या अर्जाला ऑक्टोबरची परीक्षा ही साधारण शेवटची सुरक्षित संधी. नोव्हेंबरचे गुण काही कॉलेजं घेतात, काही घेत नाहीत. मधल्या काळात परीक्षा ऐच्छिक झाली होती, पण एमआयटी, हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ यांनी ती पुन्हा सक्तीची केली आहे. आपल्याकडची केंद्रं लवकर भरतात, म्हणून नोंदणी दोन-तीन महिने आधी करा. टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी कॉलेजला चालणारी इंग्रजीची एक परीक्षाही याच काळात उरकून टाका.

१ ऑक्टोबर: सीएसएस प्रोफाइल, म्हणजे आर्थिक मदतीसाठी घरच्या उत्पन्नाची माहिती देण्याचा ऑनलाइन फॉर्म, उघडतं. मदत मागणाऱ्यांनी ते लगेच सुरू करावं. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. अर्ली डिसिजनवाल्यांची याची तारीख बहुधा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच असते. प्रवेशाची तारीख पाळली आणि ही चुकली, असं होऊ देऊ नका. त्या दोन तारखा वेगळ्या असतात. एफएएफएसए नावाचा सरकारी मदतीचा फॉर्म मात्र अमेरिकी नागरिकांसाठी आणि तिथल्या काही पात्र रहिवाशांसाठी आहे, भारतीय पासपोर्टवर तो तुमच्यासाठी नाही.

आणि आता दिवाळी. लवकरच्या फेरीची तारीख आणि आपली दिवाळीची सुट्टी एकमेकींच्या अंगावर येतात. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरलाच होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. कॉलेजचं ऑफिस बंद, प्राचार्य गावाला, शिक्के कपाटात. शाळेकडून लागणारं सगळं सप्टेंबरअखेर हातात किंवा अपलोड झालेलं हवं. सहामाहीचे पेपर तपासण्यात शिक्षक बुडालेले असताना पत्र मागायला जाऊ नका.

५. शाळा आणि ज्युनियर कॉलेज: खरा अडसर

अमेरिकी अर्जात नववी ते बारावी ही चार वर्षं एकाच शाळेत गेली असं गृहीत असतं, आणि त्या शाळेत एक काउन्सेलर असतो. महाराष्ट्रात दहावीपर्यंत एक शाळा, मग ज्युनियर कॉलेज, आणि काउन्सेलर बहुतेक ठिकाणी नाहीच. त्यावर उपाय आहेत.

काउन्सेलरच्या जागी प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षकही चालतात. त्यांना कॉमन ॲपकडून ईमेल जातो, त्यातल्या लिंकवरून ते ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांचे गुण), शाळेची माहिती आणि स्वतःचं पत्र अपलोड करतात. शक्यतो कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून हे व्हावं. साध्या खासगी ईमेलवरून आलेल्या शिफारसपत्रावर शंका घेतली जाते. कॉलेजला अधिकृत ईमेल नसेल तर पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह असू द्या.

बऱ्याच सरांना आणि बाईंना हे काम नवीन असतं. त्यांच्यापुढे ईमेल टाकून निघून येऊ नका. वेळ मागून घ्या, शेजारी बसा, कुठे काय भरायचं ते दाखवा. पण पत्राचा मजकूर त्यांचा त्यांनाच लिहू द्या. "तूच लिहून आण, मी सही करतो" ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. ती नम्रपणे टाळा. त्याऐवजी एक पानभर मुद्दे लिहून द्या: त्यांच्या वर्गात काय केलं, कुठला प्रयोग, कुठली चर्चा. अर्जदाराने स्वतःच लिहिलेलं पत्र अनुभवी वाचकाला कळतं.

शाळेची माहिती, म्हणजे स्कूल प्रोफाइल, हा एक-दोन पानांचा कागद असतो. बोर्ड कुठलं, वर्गात मुलं किती, गुण कसे देतात, अकरावीत किती गुण म्हणजे चांगले. राज्य मंडळाच्या मुलांसाठी हा कागद फार मोलाचा आहे. अनेक ज्युनियर कॉलेजांत अकरावीचे पेपर कडक तपासतात. तिथले ७८ टक्के वर्गात पहिल्या पाचात असू शकतात, हे तिकडच्या वाचकाला या कागदाशिवाय कळायचा मार्ग नाही. कॉलेजकडे तयार नसेल तर माहिती गोळा करून द्या आणि त्यांच्या लेटरहेडवर, त्यांच्या सहीने होऊ द्या.

६. जवळ काय-काय ठेवायचं

- नववी, दहावी, अकरावीच्या मार्कशीट. नववी-दहावीच्या जुन्या शाळेतून, सही-शिक्क्यासह. मराठीत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.
- बारावीचे अपेक्षित गुण, कॉलेजच्या लेटरहेडवर. पहिल्या सत्राचे गुण आले की तेही.
- एक काउन्सेलरचं आणि दोन विषयशिक्षकांची पत्रं. एमआयटीला एक शिक्षक गणित किंवा विज्ञानाचा आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रांचा लागतो. अकरावी-बारावीत शिकवलेलेच शिक्षक घ्या.
- पासपोर्टची स्कॅन प्रत.
- एसएटी आणि इंग्रजी परीक्षेचे गुण.
- उपक्रमांची यादी. कॉमन ॲपवर जास्तीत जास्त १० उपक्रम, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. शब्द नव्हे, अक्षरं, आणि मोकळ्या जागाही त्यात मोजतात.
- मुख्य निबंध, कमाल ६५० शब्द. कॅलिफोर्नियासाठी वेगळं: आठातले चार प्रश्न, प्रत्येकी ३५० शब्द.
- मदत मागत असाल तर दोन्ही पालकांची आयकर विवरणपत्रं, फॉर्म १६, बँक आणि ठेवींचे तपशील, घराचं किंवा शेतीचं अंदाजे मूल्य.
- परदेशी व्यवहार चालू असलेलं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड. अर्जाची फी बहुतेक ठिकाणी ५० ते ९० डॉलरच्या दरम्यान असते. काही कॉलेजं फी घेतच नाहीत, काही विनंती केल्यावर माफ करतात. कार्डवर परदेशी व्यवहार बंद असतील तर आधीच चालू करून घ्या, हे शेवटच्या रात्री होत नाही.

नावाचं वेगळं सांगते. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, शिवाय आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम निराळा. आधारवर आणखी काहीतरी. एसएटी, टोफेल, कॉमन ॲप, सीएसएस सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने टाका. नाहीतर गुण एका नावाने जातात, अर्ज दुसऱ्या नावाने, आणि पोर्टलवर ‘गुण मिळाले नाहीत’ असं दिसत राहतं.

७. अर्ज भरताना अडकवणाऱ्या जागा

शिफारस करणाऱ्यांना ईमेल पाठवण्याआधी एफईआरपीए या अमेरिकी कायद्याखालचा प्रश्न येतो: पत्रं बघण्याचा हक्क सोडता का? हो म्हणा. हक्क राखून ठेवला तर पत्रात मोकळेपणाने लिहिलं असेल यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही. हे उत्तर नंतर सहज बदलता येत नाही.

अर्जात फेरी निवडायचा रकाना असतो. तिथे अर्ली डिसिजन आणि अर्ली ॲक्शन अगदी शेजारी-शेजारी असतात. दोनदा बघा. दोघांनी बघा.

फी भरली म्हणजे अर्ज गेला असं नाही. फी, मग सही, मग सबमिट. काही कॉलेजांचे जास्तीचे निबंध वेगळे सबमिट करावे लागतात. शेवटी प्रत्येक कॉलेजपुढे हिरवी खूण दिसते का ते बघा आणि पूर्वावलोकनाची पीडीएफ उतरवून ठेवा. पीडीएफ वाचताना हमखास सापडणारी चूक म्हणजे एका कॉलेजच्या निबंधात दुसऱ्याच कॉलेजचं नाव.

निबंध मुलाचाच असू द्या. दुरुस्त्या सुचवा, व्याकरण बघा, पण पन्नाशीतल्या माणसाची भाषा सतरा वर्षांच्या तोंडी घालू नका.

८. रात्रीचे ११:५९, पण कुणाच्या घड्याळात?

कॉमन ॲपवर सहसा तुमच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ११:५९ ला मुदत संपते. म्हणजे भारतातून भरत असाल तर भारतातली रात्र. अमेरिकेत अजून दिवस आहे म्हणून आपल्याला जास्तीचे तास मिळत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाची मुदत मात्र तिथल्या, पॅसिफिक वेळेने संपते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी १:२९ वाजता.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं ते साडेदहा तास होतं. २०२६ मध्ये तो रविवार १ नोव्हेंबरच आहे. कॉलेजला फोन करायचा असेल किंवा ऑनलाइन मुलाखत असेल तर ही भानगड लक्षात ठेवा.

सोपा नियम: तारखेच्या तीन दिवस आधी सबमिट. शेवटच्या रात्री साइट मंदावतात, कार्डाचा ओटीपी येत नाही, घरातले सगळे एकमेकांवर ओरडतात.

९. सबमिट झाल्यानंतर

काही दिवसांत प्रत्येक कॉलेजकडून पोर्टलचा ईमेल येतो. तो स्पॅममध्ये जाऊ शकतो. पोर्टलवर काय मिळालं, काय बाकी आहे याची यादी असते. शाळेचे कागद एक-दोन दिवस उशिरा पोचले तर कॉलेजं सहसा चालवून घेतात, विद्यार्थ्याचा स्वतःचा भाग उशिरा गेला तर नाही. ‘बाकी’ दिसलं की लगेच घाबरू नका, नोंद व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यानंतरही तसंच असेल तर नम्र ईमेल करा. हा ईमेल मुलाने करावा, आई-वडिलांनी नाही.

लवकरच्या निकालाची वाट बघत हातावर हात ठेवून बसू नका. निकाल १५ डिसेंबरच्या आसपास, रेग्युलरच्या तारखा १ जानेवारीपासून. त्या पंधरा दिवसांत दहा कॉलेजांचे निबंध लिहून होत नाहीत, आणि समोर बारावीची पूर्वपरीक्षा असते. बाकीचे अर्ज नोव्हेंबरातच लिहून ठेवा, फक्त पाठवू नका. डिसेंबरात होकार आला तर तेवढी फी वाचते.

१०. होकार, नकार, आणि मधलं डिफर

डिफर म्हणजे तुमचा अर्ज रेग्युलर फेरीत पुन्हा बघू. अर्ली डिसिजनमधून डिफर झालात की बंधन सुटतं, दुसरीकडे अर्ली डिसिजन टू करता येतं. डिफर केलेल्या कॉलेजला जानेवारीत एक पानाचं पत्र पाठवा: अजून इच्छा आहे, मधल्या काळात हे नवीन घडलं. सोबत पहिल्या सत्राचे किंवा पूर्वपरीक्षेचे गुण, काउन्सेलरमार्फत. दर आठवड्याला पत्र पाठवू नका.

बंधनकारक होकार आला तर आधी मदतीचं पत्र नीट वाचा, शंका असतील तर त्याच आठवड्यात विचारा, मग अनामत रक्कम भरा आणि बाकीचे सगळे अर्ज लेखी मागे घ्या. बंधन नसलेला होकार असेल तर घाई नाही, १ मेपर्यंत सगळी पत्रं येऊ द्या. दोन ठिकाणी अनामत भरून ठेवायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका, कॉलेजं दोन्हीकडचा प्रवेश रद्द करू शकतात.

प्रवेश हा बारावीच्या अंतिम गुणांवर अवलंबून राहतो. गुण फार घसरले तर होकार मागे घेतला जाऊ शकतो. राज्य मंडळाचा निकाल साधारण मे महिन्यात लागतो. लागला की अंतिम मार्कशीट काउन्सेलरकडून पोर्टलवर चढवा. तोपर्यंत बँकेची कागदपत्रं देऊन आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म, मागवून घ्या, परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलरची सेव्हिस फी भरा आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घ्या. उन्हाळ्यात या तारखांसाठी फार गर्दी असते, तेव्हा आय-२० हातात पडल्याच्या दिवशीच बघायला लागा. आणि ज्युनियर कॉलेजचं ऑफिस मे महिन्याच्या सुट्टीत कुठल्या वारी, किती वाजेपर्यंत उघडं असतं ते एप्रिलमध्येच विचारून ठेवा.